गिअर अडतो तेव्हा

वाचकहो, मागील खेपेस या सदरातून विहिरीवरील पंपाच्या गळतीसंबंधी चार शब्द लिहिले होते. आज ज्या विषयाकडे वळावयाचे आहे, तो अंगणात उभ्या असलेल्या जुन्या मोटारीचा आहे. नवी मोटार ज्यांच्या दारी आहे त्यांनी हे पान उलटले तरी चालेल. परंतु खेड्यापाड्यांतील कित्येक घरांतून अजूनही वीस-पंचवीस वर्षांची गाडी कुटुंबाची सेवा इमानाने करीत असते, आणि तिचा एखादा अवयव ताठरला की सगळे घर अडून बसते. अशा घरांसाठी हा लेख आहे.

प्रथम आमच्याच घरची हकीकत सांगतो. गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. आमच्या खानापूरकडील भागात आषाढात पाऊस कसा कोसळतो, हे तिकडच्या वाचकांस सांगावयास नको. अशाच एका रात्री माझ्या थोरल्या बहिणीस, जिला आम्ही सारे अक्का म्हणतो, दम्याचा जोराचा झटका आला. भाच्याने गाडी काढली, अक्काला मागच्या बैठकीवर टेकवून बसविले, आणि आम्ही निघालो. आमच्या घरापासून डांबरी सडकेपर्यंतची वाट चढाची आहे. त्या चढावर मध्येच एक म्हैस आडवी आली म्हणून गाडी थांबवावी लागली, आणि तेथून पुढे पहिला गिअर काही केल्या पडेना. भाचा दोन्ही हातांनी दांडी रेटीत होता. आतून दात खाल्ल्यासारखा आवाज येत होता. मागे अक्काचा श्वास ऐकवत नव्हता. शेवटी शेजाऱ्यांचा भाजीचा टेंपो उठवून तिला दवाखान्यात न्यावे लागले. अक्का बरी झाली, ही देवाची कृपा. परंतु त्या चढावर गेलेली वीस मिनिटे मी विसरू शकत नाही; कारण गाडीची दांडी गेले दोन महिने जड चालली होती आणि ‘पाऊस गेला की बघू’ असे म्हणणारा मीच होतो.

दुसऱ्या दिवशी गाडी कशीबशी शहरात नेली. तेथील एका मेकॅनिकने दांडी दोनदा हलविली, मान हलविली आणि गिअरबॉक्स उतरवून उघडावा लागेल असे सांगितले. त्याने जो खर्चाचा आकडा उच्चारला, तेवढ्या रकमेला त्या गाडीचे गिऱ्हाईकही मिळाले नसते. घरी परतताना भाचा म्हणाला, “मामा, विकून टाकू या. भंगारवाला तरी चार पैसे देईल.” मी काही बोललो नाही.

संध्याकाळी शेजारचे काका ओसरीवर आले. त्यांनी तीस वर्षे चोर्ला घाटातून गोव्याकडे मालाच्या लॉऱ्या हाकलेल्या. सारी कथा त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि एकच प्रश्न विचारला, “इंजिन बंद करून दांडी हलवून बघितलास काय रे?”

मी बघितले नव्हते. मेकॅनिकनेही बघितले नव्हते. आजच्या लेखाचा सारा मथितार्थ या एका प्रश्नात आहे.

आत काय घडते

परीक्षा करण्यापूर्वी आतील रचना थोडक्यात ध्यानी घ्यावी, म्हणजे पुढील पायऱ्या आपोआप समजतील. इंजिन सुरू असते तोवर फिरतच राहते. चाके मात्र कधी थांबलेली, कधी हळू, कधी वेगाने फिरणारी. या दोहोंच्या मध्ये क्लच आणि गिअरबॉक्स हे दोन मध्यस्थ बसविलेले असतात. क्लच म्हणजे इंजिनाच्या जड चाकावर दाबून धरलेली एक तबकडी. आपण पायाने पेडल दाबतो तेव्हा केबल किंवा द्रवाचा दाब एका काट्याला ओढतो अथवा ढकलतो, तबकडीवरील दाब सुटतो, आणि इंजिनाचा गिअरबॉक्सशी संबंध तात्पुरता तुटतो. हा संबंध पुरता तुटला तरच गिअर सुखाने बदलता येतो. तबकडी किंचित जरी घासत राहिली, तरी गिअरबॉक्सचा आतील दांडा फिरतच राहतो आणि फिरत्या दात्यांत थांबलेले दाते घालण्याचा प्रसंग येतो.

गिअरबॉक्समध्ये प्रत्येक गिअरच्या दात्यांची जोडी नेहमीच एकमेकींत गुंतलेली असते. दांडी हलविल्यावर एक सरकते कडे त्यांपैकी एका गिअरला दांड्याशी जखडते. जखडण्यापूर्वी दोघांचा वेग सारखा व्हावा, म्हणून मध्ये पितळेसारख्या धातूचे एक शंकूच्या आकाराचे कडे असते. ते आधी घासून वेग जुळविते आणि मगच दाते आत जाऊ देते. ही युक्ती १९२८ साली अमेरिकेतील कॅडिलॅक मोटारींत प्रथम आली. त्यापूर्वीच्या चालकांना, आणि पुढेही कित्येक वर्षे लॉरीच्या चालकांना, हे वेग जुळविण्याचे काम पायाने व कानाने करावे लागे. आजही बहुतेक जुन्या मोटारींत उलट्या गिअरला असे कडे नसते. ही गोष्ट लक्षात ठेवावी. परीक्षेच्या वेळी उलटा गिअर आपल्याला साक्षीदार म्हणून उपयोगी पडणार आहे.

तिसरा भाग म्हणजे चालकाच्या हातातील दांडीपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी जोडणी. मारुती ८०० सारख्या गाडीत इंजिन व गिअरबॉक्स दोन्ही पुढे असतात, तर दांडी दोन बैठकींच्या मध्ये. साहजिकच दांडीपासून पुढे गाडीच्या पोटाखालून एक लांब सळई जाते. तिच्या सांध्यांत रबराचे किंवा नायलॉनचे बुश असतात आणि ते झाकणारी रबरी टोपणे असतात. ही गाडी १९८३ च्या डिसेंबरात प्रथम विक्रीस आली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. तेव्हा तिच्यातील सर्वांत तरुण गाडीसुद्धा आता दशकाहून अधिक जुनी आहे, आणि रबर इतकी वर्षे टिकत नाही.

तात्पर्य, ताठ गिअरची दुखणी तीन ठिकाणी असू शकतात : क्लच, जोडणी आणि गिअरबॉक्स. खर्चाच्या दृष्टीने पहिल्या दोहोंत व तिसऱ्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. म्हणूनच आधी परीक्षा, मग पाना.

आधी परीक्षा

पहिली परीक्षा काकांची. गाडी सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक लावावा, चाकांच्या पुढेमागे दगड ठेवावेत आणि इंजिन बंद करावे. क्लच पूर्ण दाबून दांडी सर्व गिअरांतून सावकाश फिरवावी. एखादा गिअर पडला नाही तर लगेच घाबरू नये. कधी कधी दात्यावर दाता येऊन थांबतो. पेडल सोडून पुन्हा दाबावे अथवा गाडी किंचित हलवावी आणि पुन्हा प्रयत्न करावा. आता इंजिन सुरू करून हेच करावे. मात्र गाडीच्या पुढे व मागे कोणीही, विशेषतः मुले, उभी नाहीत याची खात्री करूनच.

इंजिन बंद असता गिअर हलके पडतात आणि इंजिन सुरू होताच अडतात, तर दोष बहुधा क्लचचा आहे. तबकडी पुरती सुटत नाही. उलट, इंजिन बंद असतानाही दांडी तितकीच जड असेल, तर क्लच निर्दोष मानून जोडणीकडे व गिअरबॉक्सकडे वळावे.

दुसरी परीक्षा उलट्या गिअरची. इंजिन सुरू, गाडी स्थिर, क्लच तळापर्यंत दाबलेला. मनात चार आकडे मोजावेत, म्हणजे आतील दांडा थांबण्यास अवसर मिळेल. मग उलटा गिअर घालावा. कर्रकर्र असा आवाज आला, तर आतील दांडा अजून फिरत आहे, अर्थात क्लच पुरता सुटत नाही, याची ती साक्ष होय.

तिसरी परीक्षा वेळेची. सकाळी पहिल्या दोन मैलांत दांडी जड आणि पुढे गाडी तापल्यावर हलकी होत असेल, तर गिअरबॉक्समधील तेल जुने, कमी किंवा चुकीच्या जातीचे असण्याचा संभव आहे. सर्व गिअर नीट पडतात आणि केवळ एकच, बहुधा दुसरा, घासून पडतो, तर त्या गिअरचे पितळी कडे झिजले आहे असे समजावे. हे शेवटचे काम घरचे नव्हे.

आमच्या गाडीत इंजिन बंद असता चारही गिअर पडले. आडव्या दिशेने दांडी थोडी जड होती, पण अडली कोठेच नाही. इंजिन सुरू करून उलटा गिअर घालू जाताच मात्र तोच कालचा आवाज. काका म्हणाले, “दोन दुखणी आहेत. मोठे पायाशी आहे, धाकटे पोटाखाली.”

क्लचचे पेडल आणि केबल

सर्वांत सोपी गोष्ट सर्वांत आधी पाहावी. पेडलच्या खाली काय आहे? आम्ही पावसाच्या चिखलासाठी पायपोसावर गोणपाटाची जाड घडी टाकली होती. पेडल जमिनीला टेकले असे भाच्याच्या पायाला वाटे. ते वस्तुतः गोणपाटाला टेके. ती घडी काढताच अंगठ्याच्या जाडीइतकी चाल मोकळी झाली. गाडीचा यात काडीमात्र दोष नव्हता. दोष आमच्या गोणपाटाचा होता.

नंतर मोकळा खेळ पाहावा. पेडल हाताने हळूच दाबले असता प्रथम काही अंतर ते अगदी हलके जाते आणि मग जडपणा लागतो. हे हलके अंतर म्हणजे मोकळा खेळ. केबलच्या क्लचमध्ये तो साधारणपणे दोन बोटांच्या रुंदीच्या आसपास असतो; नेमके माप गाडीसोबतच्या पुस्तिकेत दिलेले असते आणि तेच प्रमाण मानावे. तबकडी झिजत जाते तसा हा खेळ कमी होत जातो. केबल ताणली, तिचे तंतू तुटले, म्हणजे तो वाढतो. खेळ फार वाढला की पेडलची अर्धी चाल वाया जाते आणि काटा पुरेसा ओढला जात नाही. खेळ मुळीच नसला तर उलटा दोष : क्लच पूर्ण पकडत नाही, घसरतो, तापतो आणि तबकडी लवकर संपते. आमच्या गाडीत तो चार बोटे भरला.

केबलचे गिअरबॉक्सकडील टोक पाहण्यासाठी बॉनेट उघडावे. केबल तेथे एका लोखंडी हाताला नटाने बांधलेली असते. हा नट घट्ट केला की खेळ कमी होतो, सैल केला की वाढतो. परंतु नट फिरविण्यापूर्वी केबल डोळ्यांखालून घालावी. वरचे वेष्टन कोठे तडकले आहे काय, ती एखाद्या तापत्या नळीला टेकली आहे काय, टोकाशी तारांचे तंतू सुटून दाढीसारखे उभे राहिले आहेत काय, हे पाहावे. आमच्या केबलचे तीन-चार तंतू तुटलेले आणि वेष्टनात गंज शिरलेला आढळला. अशा केबलला तेल पाजून तिचे आयुष्य वाढविण्याचा मोह टाळावा. एक तर कित्येक केबलींना आतून प्लॅस्टिकचे अस्तर असते व त्यांना तेल मानवत नाही. दुसरे म्हणजे तंतू तुटू लागलेली केबल पुढे केव्हा पुरती तुटेल याचा नेम नसतो. आणि ती बहुधा चढावरच तुटते.

नवी केबल घेताना जुनी सोबत न्यावी आणि लांबी, दोन्ही टोकांचे आकार जुळवून पाहावेत. जुनी काढण्यापूर्वी तिचा मार्ग कागदावर काढून ठेवावा किंवा मोबाइलमध्ये तिचे छायाचित्र घ्यावे. नवी केबल त्याच मार्गाने, कोठेही तीव्र वळण न पडू देता बसवावी. मग पेडल दहा-वीस वेळा दाबून केबल स्थिर होऊ द्यावी आणि पुस्तिकेतील मापाप्रमाणे खेळ लावून आड-नट असल्यास तो आवळावा.

आता पुन्हा उलट्या गिअरची परीक्षा. आवाज गेला असेल तर निम्मी लढाई जिंकली. मात्र क्लच घसरत तर नाही ना, हेही पाहणे आवश्यक आहे. मोकळ्या सडकेवर वरच्या गिअरमध्ये मध्यम वेगाने जात असता ॲक्सिलरेटर दाबावा. इंजिनाचा आवाज चढतो पण गाडीचा वेग त्या प्रमाणात वाढत नाही, असे झाल्यास खेळ फार कमी ठेवला गेला आहे अथवा तबकडीच संपली आहे.

ज्यांच्या गाडीत केबल नसून द्रवाचा दाब आहे, त्यांनी बॉनेटखालील लहान भांड्यातील पातळी पाहावी. ती कमी झाली असेल तर द्रव कोठेतरी गळतो आहे. नुसती भर घालून भागणार नाही. पेडलपाशी व गिअरबॉक्सपाशी ओल शोधावी. पेडल स्पंजासारखे मऊ लागत असेल, दोन-तीनदा भराभर दाबल्यावर गिअर नीट पडत असेल, तर नळीत हवा शिरली आहे. ही हवा काढण्यास दोन माणसे लागतात. द्रव पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचाच वापरावा, आणि तो रंगावर सांडल्यास लगेच पाण्याने धुवावा. तो रंग खातो.

पोटाखालची जोडणी

येथे एक गोष्ट ठासून सांगावयाची आहे. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, कितीही क्षणांसाठी, शिरू नये. जॅक हा गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. घट्ट सपाट जमीन, मागच्या चाकांना दगड, आणि उचललेल्या बाजूस मजबूत लोखंडी घोड्या, इतके असेल तरच खाली जावे. विटा रचून त्यांवर गाडी टेकवू नये. वीट भाराखाली अकस्मात फुटते. पावसाने भिजलेल्या अंगणात तर हे काम करूच नये. घोडीचा पाय मातीत रुतला की सर्व संपले. इंजिन बंद, किल्ली खिशात.

एकाने गाडीत बसून दांडी सावकाश हलवावी व दुसऱ्याने खालून विजेरी धरून पाहावे. दांडी हलते पण सळई उशिरा हलते, तर सांध्यातील बुश झिजले आहेत. सळई हलताना कोठे घासते, अडते, वाकते, हे डोळ्यांना दिसते. रबरी टोपण फाटले असेल तर आत आपली तांबडी माती शिरून वाळलेली आढळेल; पावसात तिचा चिखल, उन्हाळ्यात तिची वीट. आमच्या गाडीत नेमके हेच झाले होते.

मातीचे पापुद्रे लाकडी चिपेने काढावेत, सांधा रॉकेलने भिजविलेल्या फडक्याने पुसून कोरडा करावा. धातूवर धातू फिरतो तेथे लिथियम ग्रीस लावावे. रबराच्या बुशांना मात्र साधे ग्रीस लावू नये. ते फुगतात व नरमतात. तेथे सिलिकॉनचे ग्रीस वापरावे. झिजलेला बुश आणि फाटलेले टोपण बदलावे. त्यांची किंमत थोडी असते आणि मोठ्या शहरांतील सुट्या भागांच्या दुकानांत ते अजून मिळतात. सांध्यांचे बोल्ट सैल झाले असतील तर आवळावेत. सळईवरील पकड सोडावी लागली, तर सोडण्यापूर्वी दोन्ही भागांवर खडूने खूण करून ठेवावी. अन्यथा जोडताना दांडी तिरकी बसते आणि एखादा गिअर पडेनासा होतो.

दोष जोडणीत आहे की गिअरबॉक्समध्ये, याचा निवाडा होत नसेल तर आणखी एक युक्ती आहे. सळई गिअरबॉक्सपासून सोडवावी आणि वरून दांडी हलवून पाहावी. एकटी दांडीही जड असेल, तर दोष जोडणीत. एकटी दांडी हलकी चालत असेल, तर जडपणा गिअरबॉक्समध्ये. या एका परीक्षेने निम्मा संशय फिटतो.

गिअरबॉक्समधील तेल

इंजिनाचे तेल आपण नेमाने बदलतो. गिअरबॉक्सच्या तेलाची आठवण मात्र वर्षानुवर्षे कोणाला होत नाही. ते जळत नाही, म्हणून ते संपतही नाही, असा समज असतो. परंतु चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांच्या सीलमधून ते थेंबाथेंबाने गळते आणि जुने झाल्यावर निसत्त्व होते.

तेलाची जात काळजीपूर्वक निवडावी. डब्यावर दोन खुणा असतात. एक दाटपणाची, जशी ‘७५डब्ल्यू-९०’ किंवा ‘८०डब्ल्यू-९०’. दुसरी गुणाची, ‘जीएल-४’ अथवा ‘जीएल-५’. दुकानदार कधी कधी सांगतो की पाच हा चारापेक्षा वरचा, तेव्हा तोच उत्तम. पितळी कड्यांच्या गिअरबॉक्ससाठी हे खरे नाही. जीएल-५ तेलात भारी दाबाखालील दात्यांच्या रक्षणासाठी गंधकयुक्त द्रव्ये अधिक असतात. ती कित्येकदा पितळेला बाधतात. शिवाय ते तेल इतके निसरडे असू शकते की कड्याने घासून वेग जुळवावा, हेच काम त्याला नीट करता येत नाही. पुस्तिकेत जीएल-४ लिहिले असेल तर जीएल-४ च घालावे.

तेल बदलण्यापूर्वी गाडी चार-पाच मैल फिरवून आणावी. तेल कोमट झाले की सहज वाहते आणि तळाचा गाळ सोबत आणते. गाडी चारही बाजूंनी सारखी, सपाट असली पाहिजे. आणि सर्वांत महत्त्वाचे : तेल सोडण्याचे बूच उघडण्यापूर्वी तेल भरण्याचे बूच उघडून पाहावे. भरण्याचे बूच गंजून बसले असेल आणि आपण आधीच सारे तेल सोडून दिले असेल, तर रिकाम्या गिअरबॉक्सची गाडी अंगणात अडकून पडते. अशी फजिती झालेले लोक मी पाहिले आहेत.

सोडलेले तेल ताटलीत घेऊन उजेडात पाहावे. ते बरेच काही सांगते. बुचाच्या लोहचुंबकावर राखाडी लेप असेल तर चिंता नको, ती नेहमीची झीज आहे. तेलात सोनेरी कण चमकत असतील तर पितळी कडी झिजत आहेत. पोलादाचे तुकडे किंवा दात्याचा कपरा हाती लागला, तर गाडी त्याच क्षणी उभी ठेवून कारागिरास बोलवावे. तेल दुधासारखे पांढुरके दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. ओढ्याच्या पाण्यातून गाडी नेणाऱ्यांनी हे विशेष पाहावे.

खालचे बूच नव्या वॉशरसह बसवून नवे तेल हळूहळू भरावे. मारुती ८०० सारख्या गाडीत भरण्याचे बूच हेच पातळीचेही माप असते : तेल भोकाच्या काठाशी येऊन बाहेर ओघळू लागले की पुरे. जुने तेल विहिरीजवळ, शेतात किंवा गटारात ओतू नये. डब्यात भरून जेथे जुने इंजिन तेल घेतात अशा गॅरेजला द्यावे.

जे घरी करू नये

क्लचची तबकडी बदलणे, गिअरबॉक्स उतरवून पितळी कडी बदलणे, ही कामे अनुभवी कारागिराची. गिअरबॉक्सचे वजन अंगावर आले म्हणजे हौस महागात पडते. क्लच उघडला असता आतील धूळ तोंडाने किंवा हवेच्या नळीने फुंकू नये. जुन्या काळच्या तबकड्यांत ॲस्बेस्टॉस असे आणि त्याची धूळ फुफ्फुसांस घातक असते. ज्या घरचे पुरुष गोव्यात किंवा आखातात नोकरीस आहेत, तेथे गाडी सबंध पावसाळा न चालविता उभी राहते आणि तबकडी गंजाने चक्राला चिकटून बसते. तेव्हा केबल कितीही लावली तरी एकही गिअर पडत नाही. दांडी रेटू नये, कारागिरास बोलवावे. मात्र दर आठवड्यास कोणीतरी गाडी सुरू करून थोडी फिरवून आणीत असेल, तर ही पाळी सहसा येत नाही.

कारागिराकडे जावे लागले तरी वरील परीक्षा वाया जात नाहीत. ‘गिअर पडत नाही’ असे सांगणारा गिऱ्हाईक आणि ‘इंजिन बंद असता सारे गिअर पडतात, सुरू असता उलटा गिअर आवाज करतो, केबल नवी आहे, खेळ मापात आहे’ असे सांगणारा गिऱ्हाईक, यांच्याशी कारागीर एकसारखे वागत नाही.

चालकाचा हात आणि पाय

शेवटी थोडे चालकाविषयी. क्लचच्या पेडलवर पाय विसावून गाडी चालवू नये. त्याने क्लच अर्धवट सुटलेला राहतो व झिजतो. दांडीवर हात टेकून ठेवू नये. आतील काट्यावर विनाकारण दाब पडतो. एका गिअरमधून दुसऱ्यात जाताना मध्ये, न्यूट्रलमध्ये, क्षणभर थांबावे. आणि ज्याच्या गाडीचे दुसऱ्या गिअरचे कडे झिजले आहे, पण दुरुस्तीस अजून पैसा जमलेला नाही, त्याने काकांच्या पिढीची दुहेरी क्लचची रीत शिकावी. खालच्या गिअरमध्ये येताना क्लच दाबून दांडी न्यूट्रलमध्ये आणावी, क्लच सोडून ॲक्सिलरेटर किंचित दाबावा, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर घालावा. दोन दिवसांच्या सवयीने हे जमते आणि गिअर लोण्यात सुरी शिरावी तसा पडतो.

आमच्या गाडीचे म्हणाल, तर केबल, एक रबरी टोपण, दोन बुश, ग्रीस आणि तेल एवढ्यांत काम भागले. भाच्याला व मला मिळून दोन शनिवार लागले. काका ओसरीवर बसून नुसते सांगत होते. शेवटी त्यांनी स्वतः गाडीत बसून, डोळे मिटून, उलटा गिअर घातला. आवाज आला नाही. “आता विका,” ते भाच्याकडे पाहून म्हणाले, “चांगली किंमत येईल.” भाच्याने किल्ली खिशात घातली.

गेल्या महिन्यात अक्काला रात्री पुन्हा थोडा त्रास झाला. त्याच चढावर भाच्याने या वेळी मुद्दाम गाडी थांबविली नाही, परंतु थांबली असती तरी चालले असते. मी आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी पेडलचा खेळ बोटांनी मोजतो आणि गोणपाट बाहेर झटकतो. आपल्या अंगणातील गाडीची दांडी या आठवड्यात जरा जड लागली असेल, तर पाऊस जाण्याची वाट पाहू नका. आज संध्याकाळीच इंजिन बंद करून ती एकदा हलवून पाहा.

पुढील खेपेस घराच्या कौलांची पावसाळ्यापूर्वीची डागडुजी, हा विषय घेण्याचा मानस आहे.